आपल्या घरची गाडी: किकपासून बटणापर्यंत

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं, की घंटा, चिंचेचं झाड, प्रार्थना आणि मधल्या सुट्टीतली बोरं या विषयांवर भरपूर लेख आलेले आहेत, आता कृपया दुसरं काही लिहा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी बाई. इतिहासात मला सनावळ्या पाठ करून मार्क मिळाले, त्यापलीकडे माझा त्या विषयावर अधिकार नाही. पण यंत्राचा कुठला भाग कधी बदलला आणि त्यामुळे माणसांचं काय झालं, हे बघायची इंजिनिअरिंगमुळे सवय लागली आहे. म्हणून मी लिहिते आहे ते शाळेच्या फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला असलेल्या पत्र्याच्या शेडबद्दल.

आपल्या सायकली मागच्या बाजूला लागायच्या. ही शेड शिक्षकांची. १९८९ च्या जूनमध्ये आपण पाचवीत आलो, तेव्हा तिथे सायकलींच्या रांगेशेजारी दोन बजाज, एक प्रिया, एक राजदूत आणि एका बाईंची लुना एवढ्याच गाड्या असायच्या. १९९५ मध्ये दहावीचा शेवटचा पेपर देऊन आपण बाहेर पडलो, तेव्हा त्याच शेडमध्ये गाडी काढायला दुसऱ्याच्या गाडीचं हँडल सरळ करावं लागायचं. मधल्या काळात पगार वाढले हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

आपल्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी जुन्या चेतकचा फोटो टाकतं. खाली ठरलेलं वाक्य येतं: "त्या खऱ्या गाड्या. घरच्या घरी दुरुस्त व्हायच्या. आताच्या गाड्या म्हणजे नुसतं प्लास्टिक." मग अंगठ्यांची रांग लागते. हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी खरा अर्धा भाग. गाडी घरी दुरुस्त व्हायची, कारण गाडी मिळणंच अवघड होतं. बजाजने १९४८ मध्ये परदेशी स्कूटर आणून विकायला सुरुवात केली, १९५९ मध्ये इथेच बनवायचा परवाना मिळवला आणि मग इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून आकुर्डीला स्कूटर बनू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. पण किती गाड्या बनवायच्या हे त्या काळी कारखाना ठरवत नसे, सरकारी परवाना ठरवत असे. परिणामी नंबर लावल्यापासून गाडी दारात यायला दहा-दहा वर्षं लागत. नोकरी लागल्यावर नंबर लावायचा आणि पोरगं शाळेत जाऊ लागलं की गाडी यायची, असा हिशेब असे. ज्यांचा नंबर लवकर लागे ते गाडी 'ऑन' घेऊन विकत. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग जाई. आजच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आपल्याकडे संशयाने बघतात. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनू लागली, त्यानेही रांग आटली नाही.

एवढ्या वाट पाहून आलेली गाडी कोण मोडू देईल? ती पंधरा-वीस वर्षं चालवायचीच असायची. त्यामुळे गाडी सांभाळणं हे प्रेम होतं की नाइलाज होता, हे वेगळं काढणं कठीण आहे. माझ्या मते नाइलाज बराच मोठा होता आणि प्रेम त्यावर नंतर चढलं.

नगरात तेव्हा गाडीवरून माणूस ओळखता यायचा. भिंगार कॅम्पात लष्कराच्या बुलेट. बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी अँमीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसरची दांडी दाबून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा आणि मगच पूर्ण वजन टाकायचं. नाहीतर किक उलटून नडगी फोडायची. गावाकडचे दूधवाले राजदूतवर, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून. कॉलेजातली जरा हौशी मुलं येझदीवर, म्हैसूरला बनणाऱ्या. तिची किक आणि गिअर एकाच दांडीत. आजीच्या लेखी मात्र या सगळ्या एकच, 'फटफटी'. आणि लुना तर आपल्या गावचीच. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ती आणली आणि नगरच्या कारखान्यात ती तयार व्हायची. आपल्या वर्गातल्या कितीतरी घरांचा पगार लुनावर होता.

आता रविवार सकाळ. वडील जुनी पँट घालून अंगणात, गाडी मधल्या स्टँडवर, शेजारी रॉकेलचा डबा, चिंध्यांचा बोळा आणि रेक्झिनच्या पिशवीतले पाने. हे दर रविवारी का लागायचं, याचं उत्तर त्या इंजिनातच होतं. बुलेट सोडली तर वरच्या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमधून जातं, मग वर सिलिंडरमध्ये. त्यामुळे खाली वेगळं ऑइल भरून ठेवायला जागाच नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं, बजाजला लिटरमागे वीसेक मिलिलिटर. हे ऑइल वंगणाचं काम करतं आणि शेवटी जळतं. पूर्ण जळत नाही. जे उरतं त्याची काजळी प्लगवर, दट्ट्याच्या डोक्यावर, धुराच्या वाटेवर आणि सायलेन्सरमध्ये बसत राहते. वर, जळलेला धूर ढकलून बाहेर काढायचं काम नवं मिश्रणच करतं, त्यामुळे त्यातलंही थोडं न जळता सायलेन्सरमधून निघून जातं. गाडीमागे निळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास यायचा तो यामुळे.

म्हणून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि दोन टोकांतलं अंतर बघायचं. फीलर गेज कुणाकडे असायचा? हॅक्सॉचं पातं आत सरकवायचं. त्याची जाडी साधारण बरोबर बसते. मग प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. निळी पडली तर समाधान, पिवळट पडली तर सी.बी. पॉइंट उघडायचे. काही हजार किलोमीटर झाले की हेड उघडून काजळी खरवडायची. सायलेन्सर चोंदला की काढून जाळात टाकायचा; गल्लीभर वास. चेतकची एक सोय मात्र मी आजही दाखवून देते. तिची चाकं दोन तबकड्या बोल्टने जोडून केलेली असत. पंक्चर झालं तर स्टेपनी लावायची आणि काढलेलं चाक घरी बोल्ट सोडून उघडायचं, टॉमीशिवाय टायर वेगळा. दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेली अशी वस्तू आता क्वचितच बघायला मिळते.

आणि थंडीत गाडी तिरकी करणं. कार्ब्युरेटरमधल्या वाटीत पेट्रोल एका पातळीला असतं. गाडी झुकवली की ते पातळी सोडून पुढे येतं, मिश्रण दाट होतं आणि गार इंजिन धरतं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी द्रवाचा दाब शिकवताना खिडकीतून शेडकडे बोट दाखवून हेच उदाहरण दिलं होतं. त्यानंतर मधल्या सुट्टीत एक-दोघांनी सरांचीच प्रिया झुकवून बघितली. ते कोण, हे स्मरणिकेत छापत नाही.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. आता त्या अंगणात कोण कुठे उभं होतं ते आठवा. वडील गाडीशी. भाऊ शेजारी उकिडवा, दहाचा पाना, बाराचा पाना देत. मुलगी असेल तर तिच्या हातात बॅटरी, कारण 'नीट धर, हलवू नकोस' एवढंच काम तिला सांगितलेलं. आई दारात, चहा घेऊन, आणि अंगणात डाग पडले म्हणून वैतागलेली. शाळेतही वेगळं नव्हतं. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना फ्यूज बांधायला आणि होल्डरला वायर जोडायला शिकवत, आम्हाला काज-बटण आणि टाके. यात आपल्या सर-बाईंना दोष देण्यासारखं काही नाही. अभ्यासक्रमही तसा आणि घरंही तशीच.

गंमत अशी, की यंत्र सांभाळणं बायकांना येत नव्हतं असं मुळीच नाही. पंपाचा स्टोव्ह आठवा. आई रोज त्याला पिन मारायची. निपलचं भोक काजळीने बुजलं की ज्योत पिवळी होते, पिन मारली की निळी. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे तंतोतंत तेच: बारीक भोक, त्यातून ठरावीक इंधन, कचरा बसला की बोंब. पंपाचं चामडी वायसर सुकलं की आई त्याला खोबरेल तेल लावून फुगवायची. दट्ट्याच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातही हवा धरून ठेवायचा प्रश्न तोच. शिलाई मशीनचं तेल, पट्टा, सुईचं अंतर हे सगळं तीच बघायची. बाहेरच्या अंगणातलं इंजिन समजायला लागणारं ज्ञान आतल्या खोलीत रोज वापरलं जात होतं. मध्ये फक्त उंबरठा होता.

गाडीवर तिची जागा मागे, एका बाजूला पाय सोडून. पुढे उभं एक पोर, मागे मांडीवर दुसरं, हातात पिशवी. ही बैठक कायद्यातही आली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा १२३ वा नियम सांगतो, की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमची पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं काहीतरी हवं, म्हणजे मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. हेच आपलं साडीगार्ड. 'साडी' हा शब्द नियमात नाही, पण ज्याने तो लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे कोण बसलेलं होतं हे उघड आहे. जाता जाता एक नगरी अभिमान: त्याच्यापुढे तीनच नियम गेलं की, १२६ व्या नियमात, नव्या गाडीचा नमुना कुठे तपासून घ्यायचा त्या संस्थांमध्ये संरक्षण खात्याच्या व्ही.आर.डी.ई.चं नाव आहे. म्हणजे आपलं वाहननगर. वर्गातल्या काहींचे वडील तिथे होते.

या चित्रात लुना बसत नव्हती. वजनाला हलकी, गिअर नाही, क्लच नाही आणि पायडल मारून सुरू होणारी. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी चालवत घरी न्यायची. शेडमधली एकमेव लुना बाईंची असावी हा योगायोग नव्हता. किक मारायला अंगाचं वजन एका पायावर टाकावं लागतं, तेही नऊ-दहा वेळा, भर रस्त्यात, साडीत. अशक्य काहीच नाही, पण बघणारे बघतच राहायचे. पायडलला कुणी हसत नव्हतं. सायकल तर सगळ्याजणी चालवतच होत्या.

मग बदल झाले ते एकेक करून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी भागीदारीचं दार उघडलं आणि जपानी कंपन्या आल्या. १९८४ ची कायनेटिक होंडा: बटण दाबलं की सुरू, गिअर आपोआप, आणि ऑइलची टाकी वेगळी, म्हणजे पंपावर मिश्रणाचा हिशेबही नाही. १९८५ ची हीरो होंडा सी.डी. १००: फोर-स्ट्रोक, ऑइल खाली इंजिनात, काजळी नाही, धूर नाही, आणि लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची ती जाहिरात होती. त्या 'विसरून जा'चा अर्थ घरातल्या रविवारच्या दृष्टीने केवढा मोठा आहे ते बघा. नव्वदच्या आसपास बजाजची सनी आली, मग स्कूटी. पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळे, म्हणून अकरावीत गेल्यावर आपल्यातल्या कितीजणी लुनावर आणि टी.व्ही.एस. ५० वर क्लासला जाऊ लागल्या. सनी साठ सीसीची होती. ती चालवणाऱ्यांनी या नियमाकडे कसं बघितलं हे त्यांनीच मेळाव्यात सांगावं. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि पुढच्या दहा वर्षांत सावेडीच्या रस्त्यावर गाडी चालवणारी बाई ही वळून बघायची गोष्ट राहिली नाही.

आता ही यादी परत वाचा. किक, ऑइलचं मिश्रण, क्लच, गिअर, प्लगची काजळी. आपण ज्यांच्या आठवणीने हळवे होतो, नेमके तेच भाग एकेक करून गेले आणि तेवढी तेवढी बाईची गाडी पुढे आली. 'घरी दुरुस्त होणारी गाडी' ही त्या काळी दुरुस्ती येणाऱ्यांचीच गाडी होती. रस्त्यात बंद पडली तर प्लग काढता आला पाहिजे, आणि तो काढायला तर आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. गाडी भरवशाची झाली तेव्हा ती बायकांना मिळाली. म्हणून चेतकच्या फोटोखाली 'ते दिवस परत यावेत' असं कुणी लिहिलं की माझा अंगठा तिथे उठत नाही. फोटो छान असतो.

पण या व्यवहारात एक गोष्ट निसटली. चालवणं आमच्याकडे आलं, पाना आला नाही. अ‍ॅक्टिव्हाचं सगळं इंजिन पत्र्या-प्लास्टिकखाली गेलं. आणि आमच्याकडे येण्याच्या सुमारास तो पाना पुरुषांच्याही हातातून सुटला. दोन हजार सालापासून धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली दुकानातून गेल्या. २०१७ च्या मार्चअखेरीची झुंबड आठवत असेल: १ एप्रिलपासून बी.एस. ३ गाड्या विकता येणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २९ मार्चला आला आणि दोन दिवस शोरूमबाहेर जत्रा भरली. १ एप्रिल २०२० ला बी.एस. ६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन. इंजिन किती तापलं, थ्रॉटल किती उघडला, धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर सांगतात, आणि सीटखालचा छोटा कॉम्प्युटर दर फेरीला पेट्रोलची तोटी किती मिलिसेकंद उघडायची ते ठरवतो. हे माझ्या पेशातलं काम आहे, त्यामुळे त्याची खोटी निंदा मी करणार नाही. थंडीत, घाटात, पावसात तो जे मिश्रण देतो ते कानाने आणि स्क्रू पिळून कुणालाही जमलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. लिंबाखाली टपरी टाकून बसलेला मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकून 'मिसिंग मारतेय' म्हणायचा. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि त्याचं म्हणणं ऐकायला यंत्र लागतं. ते त्याच्याकडे असेलच असं नाही, आणि कुठल्या कंपनीचं कुठल्या गाडीला चालेल हे वेगळं कोडं. मालकाला स्वतःच्या गाडीचा दोष वाचता येऊ नये, ही काही इंधनाची किंवा धुराची गरज नाही. ती कुणीतरी ठरवलेली गोष्ट आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर मला अशा ठरवलेल्या गोष्टी ओळखू येतात.

तरीही घरी करण्यासारखं बरंच उरलं आहे. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलची चेन दर पंधरा दिवसांनी साफ करते. पहिल्यांदा बसले तेव्हा वॉचमन काका धावत आले, "मॅडम, मेकॅनिकला फोन लावू का?" आता ते खुर्ची आणून देतात आणि राजकारणावर बोलतात. साधी चेन असेल तर रॉकेल आणि जुना टूथब्रश, मग पुसून कोरडी करायची आणि ९० नंबरचं ऑइल आतल्या बाजूने थेंबथेंब, मागचं चाक हाताने फिरवत. इंजिन बंद ठेवूनच. चालू चेनमध्ये बोटं गेलेली माणसं मेकॅनिकांच्या धंद्यात भेटतात. चेनला ढील किती हवी हे मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक रोजच्या गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर. अगदी ताठ केली की चांगलं, हा समज चुकीचा आहे. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा चेन ताणली जाते आणि बेअरिंग खाते. हवा आठवड्याला, टायर गार असताना. ऑइलचा बोल्ट हाताने बसवायला सुरुवात करायची आणि मग पाना लावायचा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं. ब्रेकची खेळ, क्लचची केबल, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड. यातलं काहीही स्टोव्हला पिन मारण्यापेक्षा अवघड नाही.

चेतक आता बॅटरीवर परत आली आहे, २०२४ मध्ये लुनाही विजेवर आली. त्यांत प्लग नाही, ऑइल नाही. टायर, ब्रेक आणि नट-बोल्ट मात्र तेच आहेत.

मेळाव्याच्या दिवशी कार्यक्रम दहाला सुरू होणार असं पत्रिकेत आहे. मी साडेसातला शेडपाशी असेन. पान्यांचा सेट, हवेचा गेज, चेनचा ब्रश, ९० नंबरचं ऑइल आणि चिंध्या माझ्याकडे आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी गाडी आणावी, मुलीलाही आणावं. लुनावाल्या बाई येणार असल्याचं समितीने कळवलं आहे. त्यांना विचारून पहिली गाडी कुणाची घ्यायची ते ठरवू. बॅटरी धरायला वर्गातला कोणताही मुलगा चालेल.